नमाजची हजेरी घ्यायची का? आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की शाळेचा दीनी माहौल, म्हणजे धार्मिक वातावरण, बघायचा असेल तर हेडमास्तरांच्या केबिनमधली फ्रेम बघू नका, मुलांची मुतारी बघा. त्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले, सर यावेळचा अख्खा कॉलम यावरच करा. निम्मी पत्रं चिडलेली आहेत, चालायचंच. जागा पुरेल तेवढी घेतली आहेत, नावं गाळली आहेत कारण सगळेच नोकरीत आहेत.

प्रश्न : सर, अस्सलामु अलैकुम. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अल्पसंख्याक संस्थेच्या अनुदानित हायस्कूलची मी मुख्याध्यापिका, चार्ज घेऊन आठ महिने झाले. पट ४१२, त्यातली साठेक मुलं आजूबाजूच्या वाड्यांतली हिंदू आणि बौद्ध आहेत, कारण दुसरी शाळा नऊ किलोमीटरवर. नवीन चेअरमन साहेबांनी मीटिंगमध्ये ठराव घेतला की शाळेत दीनी माहौल पाहिजे, म्हणून जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज सक्तीची, वर्गवार हजेरी, गैरहजर राहिला तर पाच रुपये दंड, आणि महिन्याचा रिपोर्ट त्यांच्या व्हॉट्सअपवर. मी स्वतः नमाजी आहे, माहौल मलाही हवाय, पण यात काहीतरी चुकतंय असं वाटतं आणि नेमकं काय ते बोलून दाखवता येत नाही. नाही म्हटलं तर 'मॅडमना दीनचं वावडं आहे' हे संध्याकाळपर्यंत गावभर होईल.

उत्तर : वालेकुम अस्सलाम मॅडम. चुकतंय काय ते मला पक्कं माहितीये कारण हे सगळं मी स्वतः करून बसलोय.

१९९४ साली मी पहिल्यांदा हेडमास्तर झालो, मुलांची शाळा, पट दोनशे चाळीस. अंगात नवा जोर, नव्याचे नऊ दिवस. हिरव्या कव्हरचं रजिस्टर आणलं, वर्गवार मॉनिटर नेमले, जोहरला कोण आला कोण नाही यावर टिकमार्क. पहिल्या महिन्याची हजेरी ९२ टक्के! मी ते रजिस्टर ट्रस्टींना असं दाखवत होतो जसं काही सामूहिक नमाजची जमात मीच उभी केली. मग एक दिवस शिपाई सापडेना म्हणून त्याला शोधत पाण्याच्या टाकीमागे गेलो तर तिथे सात पोरं बसलेली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, कपाळावरचे केस ओले, आणि खिशातली चिंच काढून खातायत. दहा मिनिटं काढायची आणि तशीच ओल्या बाह्यांनी वर्गात यायचं. सातातला एक मॉनिटर होता, टिकमार्क करणारा. माझा हात वर गेला होता, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात त्यांच्यातला सगळ्यात लहान म्हणाला, "सर, नळच मिळत नाही."

मी गणिताचा मास्तर. त्या रात्री बसून हिशोब केला. नळ चार, त्यातला एक बिघडलेला म्हणजे तीन. मधली सुट्टी पंचवीस मिनिटं. नीट वुझू, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं, करायला एका मुलाला दोन मिनिटं तरी लागतात. म्हणजे अख्ख्या सुट्टीत, डबा न खाता, फार तर छत्तीस मुलांची वुझू होते, आणि माझं रजिस्टर सांगतंय दोनशे वीस आले. उरलेली एकशे चौऱ्याऐंशी मुलं माझ्या शाळेत रोज दुपारी काय शिकत होती? खोटं बोलायला, तेही नमाजच्या नावावर, आणि शिकवत होतो मी. पाणी कुठं मुरतंय हे शब्दशः टाकीमागे जाऊन कळलं.

ट्रस्टी त्या वर्षी नमाज हॉलला गालिचा घेणार होते. मी म्हटलं गालिचा राहू दे, पाइप द्या. कुरकुर झाली, पण बसून वुझू करायचा लांब ओटा बांधला, बारा नळ लावले, सांडपाणी मागच्या माडांना सोडलं. सुट्टी दहा मिनिटांनी वाढवली आणि रजिस्टर कपाटात टाकून कुलूप लावलं. नंतर किती मुलं यायची म्हणाल तर मोजली नाहीत, न मोजायचंच ठरवलं होतं.

आता तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी मुलांच्या शाळेत असल्यामुळे माझ्या डोक्यातच आली नव्हती, ती माझ्या बायकोनं माझ्या लक्षात आणून दिली, ती स्वतः शिक्षिका होती. तुमच्याकडे मुली आहेत. महिन्यातले काही दिवस मुलीला नमाज माफ असते. वर्गवार हजेरीत त्या चार-पाच दिवसांचे रिकामे चौकोन म्हणजे काय हे नववीच्या अख्ख्या वर्गाला कळणार, मॉनिटरला कळणार, आणि महिनाअखेर तो रिपोर्ट चेअरमन साहेबांच्या व्हॉट्सअपवर जाणार. हे त्यांना एकदा शांतपणे, एवढ्याच शब्दांत सांगा. माझा अंदाज आहे की ते पुढचं ऐकायच्या आधीच रजिस्टर रद्द करतील, तेही मुलींचे बाप असतील.

कायद्याचं थोडक्यात. घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपली शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं, तो खराच आहे, आणि त्यात शाळेचं वातावरण आपल्या वळणाचं ठेवणंही आलं. पण कलम २८(३) म्हणतं की सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, स्वतःची संमती असल्याशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती असल्याशिवाय. यात 'फक्त दुसऱ्या धर्माची मुलं' असं कुठेही लिहिलेलं नाही, मुसलमान मुलाच्या पालकांचीही संमती लागते. तेव्हा ॲडमिशन फॉर्मच्या वीस सह्यांमध्ये ती घुसडू नका, वेगळा कागद करा, मराठीत आणि उर्दूत, आणि 'नाही' लिहायलाही जागा ठेवा. दंडाचा तर विषयच सोडा, पाच रुपयांत नमाज सुटते असं पोरांनी धरलं तर काही पोरं ॲडव्हान्स भरतील.

चेअरमन साहेब ती हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, नक्की काढतील, सात वर्षांचं झालं की नमाजला सांगा आणि दहाव्या वर्षी सक्ती करा. काढू देत. मग विचारा की हुकूम कुणाला आहे? 'तुमच्या औलादीला सांगा' असा आहे, म्हणजे आई-बापाला आहे, शाळेच्या चेअरमनला नाही. आणि सात ते दहा ही मधली तीन वर्षं आहेत, रोज पाच वेळा म्हणजे साधारण साडेपाच हजार वेळा नुसतं सांगायचं, दाखवायचं, सोबत न्यायचं. त्या साडेपाच हजारांपैकी आपण किती केलं हे आधी प्रत्येकानं आपापल्या घरी मोजावं.

माहौल हुकमानं येत नाही याचा एक जुना किस्सा सांगतो. इंडोनेशियात जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात अहमद दहलान म्हणून होऊन गेले, १९१२ साली त्यांनी मुहम्मदिया ही संघटना काढली, आज तिच्या हजारो शाळा आहेत आणि हॉस्पिटलं पण. ते आपल्या विद्यार्थ्यांना सूरह माऊन, म्हणजे कुराणातला माऊन नावाचा अध्याय, शिकवत होते. छोटी सूरह, सात आयती. दुसऱ्या दिवशी परत तीच, तिसऱ्या दिवशी परत तीच. मुलं कंटाळली, म्हणाली उस्ताद ही आम्हाला पाठ झाली, पुढची घ्या. दहलान म्हणाले पाठ झाली, पण केली का? आणि मुलांना बाजारात धाडलं, अनाथ-भिकारी पोरांना घेऊन या, त्यांना आंघोळ घाला, जेवू घाला, कपडे द्या, मग पुढची सूरह. तुम्हाला माहीतच आहे त्या सूरहत काय आहे, अनाथाला ढकलणारा, गरिबाला खाऊ घालायचं ज्याच्या मनात येत नाही तो, आणि मग थेट नमाज पढणाऱ्यांनाच धमकी, जे नमाजकडे दुर्लक्ष करतात, दिखावा करतात आणि साधी वापरायची वस्तू शेजाऱ्याला देत नाहीत. दिखाव्याची नमाज आणि महिन्याचा व्हॉट्सअप रिपोर्ट, मी काही बोलत नाही.

तुम्ही 'नाही' म्हणूच नका मॅडम. लेखी प्रस्ताव द्या. नळ किती आहेत, किती लागतील, खर्च किती. सुट्टीची वेळ जोहरशी कशी जुळवायची. संमतीपत्राचा नमुना. आणि त्या साठ मुलांसाठी त्याच वेळात वाचनालय उघडं, एक शिक्षक सोबत, चांगली पुस्तकं, नाहीतर ती पोरं ग्राउंडवर उन्हात घुटमळतात आणि त्यांना कळतं की आपण इथे पाहुणे आहोत. दीनियातचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास ठेवायचा असेल तर शाळेच्या वेळेच्या आधी किंवा नंतर ठेवा आणि त्या शिक्षकाचा पगार संस्थेच्या खिशातून द्या, अनुदानात मिसळू नका, उद्या तपासणीत तोच कागद वर येतो. आणि हो, तुम्ही स्वतः त्या ओट्यावर मुलींच्या रांगेत बसून वुझू करा, केबिनच्या बेसिनमध्ये नको. चेअरमनना रिपोर्ट हवाच असेल तर नळाचा फोटो पाठवा.

प्रश्न : मी एका उर्दू हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, धर्मानं हिंदू, अकरा वर्षं सर्व्हिस, कधी त्रास नाही, उलट प्रेमच. पण नवीन पर्यवेक्षक म्हणतात परिपाठात तिलावत, म्हणजे कुराणपठण, चालू असताना सगळ्या स्टाफनं हात बांधून उभं राहायचं. मी शांत उभा राहतोच की. हात बांधणं जरा जड जातं. बोलू का गप्प बसू?

उत्तर : बोला, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको, हेडमास्तरांच्या केबिनमध्ये जाऊन बोला. नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षकाची केस मुंबई हायकोर्टात गेली होती, २०१३ मध्ये निकाल लागला. प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नव्हते म्हणून शाळेनं त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती, आणि कोर्टानं सांगितलं की शिक्षकाला हात जोडायची सक्ती करता येत नाही. ती शाळा आपली नव्हती, प्रार्थना वेगळी होती. पण जोडलेले हात काय आणि बांधलेले हात काय, कायद्याला दोन्ही सारखेच. जो निकाल आपल्या पोरांच्या बाजूनं लागला असता तर आपण पेढे वाटले असते तो आपल्या शाळेतही लागू करावा लागतो.

अकरा वर्षं मुलं तुमच्याशी आदबीनं वागतायत आणि तुम्ही तिलावतीच्या वेळी शांत उभे राहता, याहून जास्त अदब त्या पर्यवेक्षकांना कुठं सापडणार आहे मला माहीत नाही.

प्रश्न : सर, मी नांदेडला एम.एड. करतोय, प्रबंधाचा विषय शाळेतलं नेतृत्व. तुम्ही दर दोन अंकांनी इंडोनेशियाचं उदाहरण देता. तिकडचा मदरसा आणि आपला मदरसा एकच का? आणि तिकडे सगळं छान चाललंय असं खरंच आहे का, का उंटावरचा शहाणा? (राग मानू नका.)

उत्तर : राग कसला, बरोबर पकडलंत. मुलगी-जावई तिकडे सुराबाया शहरात होते तेव्हा तीन आठवडे राहून आलो आणि तेव्हापासून मी असाच आहे, घरचेही वैतागलेत.

आपल्याकडे मदरसा म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या दारुल उलूमच्या वळणाचा. देवबंद १८६६ चं. राहायला-जेवायला फुकट, हिफ्ज म्हणजे कुराण पाठ करणं, मग आलिमचा म्हणजे धर्मपंडिताचा कोर्स, आणि शाळा ही वेगळी चीज. किंवा मग मशिदीतला मक्तब, पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर तासभर. इंडोनेशियात मदरसा म्हणजे सरळ शाळाच, फक्त शिक्षण खात्याऐवजी धर्म मंत्रालयाखाली. इब्तिदाइया सहा वर्षं, सनाविया तीन, आलिया तीन, म्हणजे आपली पहिली ते बारावी. १९७५ साली तिकडे तीन मंत्र्यांनी मिळून एक निर्णय काढला, धर्म, शिक्षण आणि गृह अशी तीन खाती, की मदरशात सत्तर टक्के सामान्य विषय आणि तीस टक्के दीनी विषय, आणि त्याबदल्यात मदरशाचं सर्टिफिकेट सरकारी शाळेच्या बरोबरीचं. एका झटक्यात मदरशाच्या पोराला युनिव्हर्सिटीचं दार उघडलं. तक्रारी झाल्या, सत्तर टक्क्यांत दीन पातळ झाला असं म्हणणारे आजही आहेत, पण पोरं अडकून पडली नाहीत.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातून मदरसे आणि वेदपाठशाळा २०१२ च्या दुरुस्तीनं बाहेर ठेवल्या. ५ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशचा मदरसा बोर्डाचा कायदा कायम ठेवला, फक्त कामिल आणि फाजिल या पदव्या देण्याचा भाग यूजीसी कायद्यात बसत नाही म्हणून काढला. महाराष्ट्रात तसं बोर्ड नाही, झाकीर हुसेन यांच्या नावाची आधुनिकीकरण योजना आहे, तिच्यात मदरशात गणित-विज्ञान शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकाला महिन्याला सहा हजार मिळायचे! २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते सोळा हजार करायचा निर्णय झाला आणि बी.एड.वाल्यांचे आठचे अठरा. सहा हजारांत गणित शिकवायला कोण टिकणार होतं देव जाणे. तरी आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या जामियात एकदा जाऊन या, हिफ्ज करणारी पोरं आणि आयटीआय, फार्मसीची पोरं एकाच कॅम्पसमध्ये.

आता तुमच्या विषयाचं, म्हणजे नेतृत्वाचं. तिकडे मुख्याध्यापकाला 'कपाला सकोलाह' म्हणतात. कपाला म्हणजे डोकं, शब्द आपल्या संस्कृतातला कपाल, म्हणजे हेडमास्तर व्हायचं तर ते कपाळीच असावं लागतं ही समजूत दोन्हीकडे आहे. धर्माला 'आगामा', संस्कृतीला 'बुदाया', विद्यार्थ्याला 'सिस्वा', शिक्षकाला चक्क 'गुरु'. शाळेतल्या धार्मिक संस्कृतीला ते 'बुदाया रेलिगिउस' म्हणतात आणि तुमच्यासारखे एम.एड.वाले त्यावर ढिगानं प्रबंध लिहितात.

मी पाहिलं ते सांगतो. सकाळचे पावणेसात, मदरशाच्या गेटवर कपाला स्वतः उभे आणि त्यांच्या शेजारी चार-पाच शिक्षक रांगेत. मुलं मोपेडच्या मागून उतरतात, एकेक येतं, गुरुजींचा हात हातात घेऊन कपाळाला टेकवतं, सलाम करतं, हसतं, पुढे जातं. कुणाचे बूट फाटलेत, कुणाचा डोळा सुजलाय, कोण रडून आलंय हे वर्ग सुरू व्हायच्या आधीच हेडमास्तरांना कळलेलं असतं. मी उभा होतो त्या वीसेक मिनिटांत त्यांनी दोन मुलांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, एकाला आत पाठवून खायला दिलं. मग कुराण वाचन, मग सकाळची ऐच्छिक दुहाची नमाज, मग गणित. हे रोज. आपल्याकडे गेटवर शिपाई उभा असतो आणि उशीर झालेल्यांची नावं लिहितो.

तिकडचं एक वाक्य पाठ करून ठेवा, जावानीज आहे पण अर्थ असा की पुढे असताना उदाहरण घालून दे, मध्ये असताना उमेद वाढव, मागे राहून बळ दे. ते 'की हजार देवांतारा' नावाच्या शिक्षणतज्ज्ञांचं म्हणतात, १९२२ ला तामान सिस्वा ही शाळा काढली त्यांनी. ती काही इस्लामी शाळा नव्हती, पण हे वाक्य मी मदरशाच्या भिंतीवरही वाचलं, आणि शेवटचा तुकडा तर त्यांच्या शिक्षण खात्याच्या चिन्हातच आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान वाल्यांना पहिलाच तुकडा अडचणीचा.

आणि गोंतोर वाचा. पूर्व जावामध्ये पोनोरोगोजवळ १९२६ साली तीन भावांनी मिळून नव्या पद्धतीचं पेसांत्रेन काढलं, म्हणजे निवासी मदरसा. रोजचं बोलणं अरबी आणि इंग्रजीत, अगदी आंघोळीच्या रांगेतसुद्धा. वसतिगृह, दुकान, खेळ, शिस्त, बरंचसं मोठी मुलंच चालवतात. पाच तत्त्वं धरली त्यांनी, इखलास म्हणजे निर्मळ हेतू, साधेपणा, स्वावलंबन, भाईचारा आणि पाचवं स्वातंत्र्य. धार्मिक संस्थेनं आपल्या पाच तत्त्वांत स्वातंत्र्य टाकलंय हे मला फार आवडलं. पण त्याहून मोठी गोष्ट, १९५८ साली त्या भावांनी ती अख्खी संस्था वक्फ करून टाकली. पोरांना-नातवंडांना मालकी नाही, कारभार विश्वस्त मंडळाकडे. आपल्याकडे चेअरमन साहेबांचा मुलगा सेक्रेटरी, सून हेडमिस्ट्रेस आणि जावई काँट्रॅक्टर, आणि सगळे मिळून मुलांना इखलास शिकवणार. असो.

आता तिकडचं फसलेलं. मध्यंतरी 'इमानदारीचं कँटीन' अशी टूम निघाली, दुकानदार नाही, मुलांनी खाऊ घ्यायचा आणि पैसे डब्यात टाकायचे. बऱ्याच ठिकाणी डब्यात पैसे कमी आणि खाऊ गायब, कँटीन बंद. मला वाटतं ते बंद पडायला नको होतं, किती तूट आली हे रोज फळ्यावर लिहायला हवं होतं, तोच खरा धडा, पण कुठल्या हेडमास्तराला तूट दाखवायला आवडते?

दुसरं गंभीर. २०२१ च्या जानेवारीत सुमात्रातल्या पडांग शहरात सरकारी व्होकेशनल शाळेत एका ख्रिश्चन मुलीला जिलबाब, म्हणजे डोकं झाकायचा हिजाब, घालायला सांगितलं, बापानं शाळेतला व्हिडिओ टाकला, देशभर बोंब. फेब्रुवारीत परत तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला की सरकारी शाळेत धार्मिक पोशाखाची सक्तीही नाही आणि बंदीही नाही. मे महिन्यात त्यांच्या सुप्रीम कोर्टानं तो आदेशच रद्द केला. गंमत, म्हणजे गंमत नाही खरंतर, पण १९८० च्या दशकात त्याच देशात सरकारी शाळांत जिलबाब घालायला बंदी होती, घातला म्हणून मुलींना शाळा सोडायला लागल्या, १९९१ मध्ये नियम बदलला. एका पिढीत आईला काढ म्हणाले आणि मुलीला घाल म्हणाले, दोन्ही वेळा हुकूम वरून. पडांगचं पान तुमच्या प्रबंधात घ्याच, गोंतोरच्या पानाला लागूनच घ्या.

प्रश्न : आमच्या पुण्यात आता तीन-चार 'इस्लामिक इंटरनॅशनल' टाइप शाळा झाल्यात, केंब्रिज पण आणि हिफ्ज पण, फी बघून चक्कर येते. मुलगा सात वर्षांचा. बायको म्हणते माहौल मिळेल, मी म्हणतो घरी काय कमी आहे. शाळा बघायला जाऊ तेव्हा नेमकं काय बघायचं?

उत्तर : ओपन डेला जाऊ नका, मंगळवारी-बुधवारी न सांगता अकरा वाजता जा. मुतारी बघा (परत तेच, सॉरी). झाडूवाल्या मावशींना मुलं काय म्हणतात ते ऐका, नावानं ओरडतात की खाला म्हणतात. प्रिन्सिपलना विचारा की गेल्या वर्षी तुम्ही कुठली चूक केली, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. लायब्ररीत पुस्तकांवर धूळ आहे का. मुलगा प्रश्न विचारणारा असेल तर दीनियातच्या तासाला पाच मिनिटं मागे बसायची परवानगी मागा, तिथे मूल 'का' म्हणालं की उस्तादांचा चेहरा कसा होतो, तेवढं पुरे.

हिफ्जचं वेगळं. सकाळी दोन-तीन तास सबक, म्हणजे नवा पाठ, मग सहा तास केंब्रिज, मग होमवर्क, मग संध्याकाळी आमोख्ता, म्हणजे आधी पाठ केलेल्याची उजळणी, हे सात वर्षांच्या पोराला दोन्हीकडून पिळणं आहे. झोप किती मिळणार ते कागदावर मांडा. नऊ तासांपेक्षा कमी भरली तर त्यांना सांगा की एक वर्ष अभ्यास हलका करून देणार का, काही शाळा देतात. आणि बायकोला म्हणावं माहौलचा मोठा भाग घरी फुकट मिळतो, तुमचं दोघांचं भांडण मिटवायची पद्धत बघून.

प्रश्न : मी एका संस्थेचा ट्रस्टी आहे. स्पष्ट बोलतो. तुमच्यासारख्या मास्तरांमुळेच शाळा नावापुरत्या इस्लामी राहिल्या. हेडमास्तर मौलानाच पाहिजे, म्हणजे सगळे प्रश्न सुटतील. कायदा आम्हाला अडवू शकत नाही, कलम ३० आहे.

उत्तर : अर्धं बरोबर. हेडमास्तर कोण असावा हे ठरवायचा अल्पसंख्याक संस्थेचा हक्क सुप्रीम कोर्टानं मान्य केलाय, सीनिऑरिटीला मागे ठेवूनसुद्धा. पण पात्रता सरकार ठरवतं आणि ती पूर्ण असलेल्यांतूनच निवडायचं असतं. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव लागतो, १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत आहे. मौलानांनी बी.एड. केलेलं असेल, पाच वर्षं नववी-दहावीच्या वर्गावर काढली असतील, शिक्षकपदांची संचमान्यता ऑनलाइन भरता येत असेल, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेता येत असेल तर जरूर नेमा, मी हार घेऊन येतो. असे दोन मौलाना मला माहीत आहेत, दोघेही उत्तम हेडमास्तर, आणि दोघांनीही पहिल्या वर्षी दीनियातचे तास कमी केले कारण दहावीचं गणित बुडत होतं. तुम्हाला ते चालेल का ते आधी ठरवा.

प्रश्न : पी.टी.चा शिक्षक आहे. रमजानमध्ये तासाला काय करू? निम्मे रोजेदार असतात, काही खोटं सांगून बसतात.

उत्तर : विचारूच नका. 'रोजा कुणाचा, हात वर करा' हे बंद. ज्याला बसायचंय त्यानं सावलीत बसावं, कारण नको, त्यांना स्कोअर लिहायला द्या, बुद्धिबळ द्या, शिट्टी द्या. खोटं सांगून बसणारा चौथ्या दिवशी कंटाळून स्वतःच उठतो. पाण्याच्या माठावर मात्र कुणाला टोकू नका, ना मुलांना टोकू द्या, कुणी आजारी असतं, कुणाचा रोजा नसतो, कुणी आपल्या धर्माचं नसतं. माठ नेहमीसारखा भरून ठेवायला शिपायाला सांगा, रमजानमध्ये तो हमखास रिकामा असतो.